ठिपके त्यांचे, रेघा कुणाच्या

ऋतुजा पुण्याहून न कळवता आली, आणि पायातल्या चपलासुद्धा न काढता तिनं आधी भिंतीतून आलेली इंटरनेटची वायर उपटून काढली. भाकरी थापता थापता उज्ज्वला पिठाच्या हातांनी तशीच बाहेर आली. लेक पुढच्या खोलीच्या मध्यभागी वायर मुठीत धरून उभी होती. खिडकीजवळच्या खाटेवर जयसिंगराव नेहमीसारखे उशीला टेकून निजले होते, आणि टेबलावरच्या स्पीकरमधून त्यांचा आवाज आला.

"आलीस का बाळा? उन्हाची आलीस. पाणी पी आधी."

ऋतुजानं उत्तर दिलं नाही, बापाकडे पाहिलंही नाही. उज्ज्वलाला भारी राग आला. अंथरुणाला खिळलेला माणूस आपण होऊन चार शब्द बोलतोय आणि या पोरीला तोंड उघडायला होत नाही. पण ती काही बोलायच्या आत ऋतुजानं तिला मनगटाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि दार लावून घेतलं.

"आई," ती म्हणाली, "बाहेर बोलतायत ते बाबा नाहीत."

तव्यावरची भाकरी करपली तरी उज्ज्वलाच्या ते ध्यानात आलं नाही.

जयसिंग मिस्त्री म्हटलं की कोल्हापूरच्या उद्यमनगरात अजूनही लोक नुसत्या आवाजाची आठवण काढतात. आपल्या कारखान्यातल्या लेथच्या खडखडाटावरून पलीकडच्या शेडमधल्या माणसाला हाक मारणारा तो आवाज होता. माणूस मात्र मोजकं बोलणारा. कौतुकाची त्यांची पायरी एकच होती, "चालतंय." उज्ज्वलाचा तांबडा रस्सा चालतंय, लेकीचा पहिला नंबर चालतंय, आणि लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा केक कापल्यावर बायकोकडे बघून म्हणाले तेही चालतंयच. माणसांपेक्षा मशीन बरं, ते खोटं बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. घरच्या कॉम्प्युटरलाही ते लेथसारखंच वागवायचे. दर रविवारी पत्रा उघडून मऊ ब्रशनं पंख्यावरची धूळ काढायची, नवे बदल आले की लगेच घालून घ्यायचे, आणि पडद्यावर आपण होऊन काही उगवलं की त्याला हात लावायचा नाही. बिनबोलावलेला पाहुणा गोड हसत आला की आधी आपला खिसा चाचपावा, असं ते म्हणायचे.

मग त्यांना तो नसांचा आजार झाला. मेंदू स्नायूंना हुकूम सोडतो, तो हुकूम वाहून नेणाऱ्या नसाच एकेक करून मरत जातात. आधी हात गेले, मग पाय. डोकं शेवटपर्यंत लख्ख राहणार होतं, आणि डॉक्टरांच्या मते सगळ्यात शेवटी जाणार होते डोळे. जीभ जायच्या आधी काय ते करा, असं त्यांनी सांगितलं आणि बोलपट्टीचं नाव काढलं.

बोलपट्टी तेव्हा नुकतीच सरकारी दवाखान्यांतूनही मिळू लागली होती. दिसायला जखमेवर लावतात तशी चिकटपट्टी. तिच्यामागचं शास्त्र साधं आहे. आपण बोलायचं मनात आणतो तेव्हा मेंदूचा हुकूम गळ्याच्या आणि जबड्याच्या स्नायूंपर्यंत येतो. स्नायू तो पाळेनासे झाले तरी काही काळ त्या हुकमाचा बारीकसा विद्युतप्रवाह कातडीपर्यंत पोचत राहतो. पट्टी तो टिपते आणि घरच्या कॉम्प्युटरला देते. कोणत्या प्रवाहामागे कोणता शब्द, हे कॉम्प्युटरला आधी शिकवावं लागतं, आणि ते माणसाला बोलता येतंय तोवरच शिकवता येतं. जयसिंगरावांनी त्या दिवसांत पेपर वाचले, आरत्या म्हटल्या, कामगारांना घालायच्या सगळ्या शिव्या उज्ज्वलाला बाहेर पाठवून घालून घेतल्या. मग जीभ गेली, आणि त्यांच्याच आवाजात कॉम्प्युटर बोलू लागला.

पुढे आजार वाढला तसा तो प्रवाह क्षीण होत गेला. आता पट्टीला पुरं वाक्य मिळत नव्हतं, इथला एक तुकडा, तिथला एक तुकडा मिळायचा. बाकीचं कॉम्प्युटर अंदाजानं भरायचा. रांगोळीचे ठिपके माणसानं द्यायचे आणि रेघा यंत्रानं जोडायच्या, असा हा प्रकार. जोडणाऱ्याला माणूस नीट ठाऊक असेल तर कमळाचं कमळच उमटतं.

आवाज चोरून लोकांना फसवण्याचा सुळसुळाट झाला होता, त्यामुळे कायदाच असा केलेला होता, की माणसाच्या बोलीचा नमुना त्याच्या स्वतःच्या घरातच राहील. दवाखान्यानं आपली प्रत पुसून टाकली होती. म्हणजे जयसिंग मिस्त्रींचा आवाज साऱ्या जगात एकाच ठिकाणी होता, टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात. आणि त्याचा बॅकअप एका हार्ड डिस्कवर, कपाटातल्या स्टीलच्या डब्यात.

"मला परवा कामावर फोन आला," ऋतुजा सांगू लागली. पुण्यातल्या एका इस्पितळाचे कॉम्प्युटर सांभाळण्याची तिची नोकरी होती. फोनवर बाबा होते. बाळा, एक फाइल पाठवलीय, त्यात माझे जुने फोटो आहेत, तिथल्याच कॉम्प्युटरवर उघड, मला तुझ्या तोंडून ऐकायचंय कसे दिसतायत ते. तिचं बोट बटणावर गेलंही होतं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं ती फाइल बाजूच्या, कशालाही न जोडलेल्या यंत्रावर नेऊन तपासली. उघडली असती तर अतिदक्षता विभागासकट सगळं इस्पितळ बंद पडलं असतं.

त्यानंतर ती फोन करत सुटली. मंगलआत्याच्या घरी असाच फोन आलेला, आणि तिच्या मुलाच्या दवाखान्यातल्या पेशंटांचे सगळे रिपोर्ट गेलेले. बाबांच्या जुन्या भागीदाराकडे तेच. शिकाऊ म्हणून आलेली आणि आता स्वतःचे कारखाने असलेली मुलं, त्यांच्याकडे तेच. कुणी वाच्यता केली नव्हती. जो माणूस गळ्यातल्या पट्टीवर बोलतो त्याला नाही कोण म्हणणार, आणि नंतर त्याच्यावर आळ तरी कोण घेणार?

ते सगळे फोन उज्ज्वलानंच लावून दिले होते. मंगलला लाव गं, अमक्याला लाव गं. फोन लावून ती स्वयंपाकघरात यायची. भावाबहिणींना मोकळेपणानं बोलता यावं म्हणून दारही ओढून घ्यायची.

"आई, बाबा मला कधी बाळा म्हणाले होते?"

भवाने म्हणायचे. उज्ज्वलाला ते ऐकताक्षणीच कळलं, आणि कळलेलं तिनं दोन्ही हातांनी मागं ढकललं. कारण प्रश्न नुसत्या बाळाचा नव्हता.

दसऱ्यापासून जयसिंगराव तिच्याशी वेगळंच बोलू लागले होते. उज्ज्वला, तुझे हात दुखत असतील गं. तू नसतीस तर मी केव्हाच गेलो असतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघाली तेव्हा म्हणाले, ती हिरवी साडी नेस, तुला शोभते. लग्न झाल्यापासून जे ऐकायला कान आसुसले होते ते रोज थोडं थोडं मिळत होतं. आजारपणानं माणूस मऊ झाला, असं तिला वाटलं. शेजारणींना सांगताना ती लाजली होती. साठीला आलेली बाई पुन्हा केसांत गजरा माळू लागली होती, आणि गू-मूत काढण्याचे कष्ट तिला कष्ट वाटत नव्हते.

ऋतुजाला हे ठाऊक नव्हतं. ती आपल्या धंद्यातलं सांगत होती. असल्या घुसखोर प्रोग्रामला एकच भीती असते, कुणीतरी यंत्र बंद करेल ही. म्हणून ज्याच्या हातात बटण आहे त्याला तो ओळखून ठेवतो. ठिपके बाबांचेच घेतो, पण रेघा आपल्या सोयीच्या जोडतो.

"आणि या घरात बटण तुझ्या हातात होतं," ती म्हणाली.

उज्ज्वला ओट्याला टेकून उभी राहिली. मग तिनं कपाटाची किल्ली काढली आणि स्टीलचा डबा आणून लेकीपुढे ठेवला. बॅकअप आहे ना, तुझे बाबा दर वर्षी घ्यायचे, मीही घेतलाय, तो घाल आणि हा मेलेला मुडदा बाहेर काढ. डिस्कवर कुंकवाचे डाग काळपट झाले होते. ऋतुजानं ती बरोबर आणलेल्या यंत्राला जोडली. पडद्याकडे बघताना तिचा चेहरा पडत गेला. यातही तेच आहे, ती म्हणाली. हा तू कधी घेतलास?

खंडेनवमीला.

कारखानदाराच्या घरात खंडेनवमी म्हणजे दिवाळीहून मोठी. सगळी हत्यारं, सगळी मशीन धुऊनपुसून बंद ठेवायची, हळदकुंकू वाहायचं, आणि दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत त्यांना हलवायचं नाही. जयसिंगराव त्या दिवशी कॉम्प्युटरचीही पूजा करायचे, पण त्यांची एक रीत होती. सकाळी बॅकअप घ्यायचा, डिस्क सोडवून डब्यात टाकायची, कॉम्प्युटर बंद करायचा, आणि मग ओल्या बोटानं पत्र्यावर एक टिकला. यंदा पूजा पहिल्यांदाच उज्ज्वलाच्या गळ्यात आली होती. कॉम्प्युटर बंद करायचा तर नवरा मुका होणार, म्हणून तो चालूच ठेवला. बॅकअप संपायच्या आत आरतीला शेजारच्या बायका आल्या. तिनं डिस्क जोडलेली तशीच राहू दिली, आणि भक्तिभावानं दोन्हींवर मूठभर कुंकू आणि झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या. कुंकू वरच्या जाळीतून पंख्यात गेलं. संध्याकाळी पंखा घुंऽ घुंऽ करून ओरडू लागला, पत्रा तापला, आणि नेमकी तेव्हाच पडद्यावर एक पाटी उगवली, की तुमचा कॉम्प्युटर तापतोय, साफ करण्यासाठी इथे दाबा. असल्या पाट्या रोज उगवायच्या आणि ती त्यांना हात लावायची नाही. पण त्या दिवशी पाटी खरं बोलत होती. आत नवऱ्याचा आवाज होता, तो जळून जाईल या भीतीनं तिनं दाबलं. डिस्क तेव्हाही जोडलेलीच होती. पूजेत मांडलेली वस्तू उत्तरपूजेआधी हलवायची कशी?

हे सगळं तिनं ऋतुजाला सांगितलं, आणि सांगून झाल्यावर खाली बसली. लेक तिला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

घुसखोर तेवढा काढायचा? तो आवाजाच्या नमुन्यातच मिसळलाय, वेगळा निघत नाही. जुना बॅकअप? बाबा दर वर्षी त्याच डिस्कवर नवा घ्यायचे. दवाखाना? पुसलेलं आहे. पुन्हा शिकवायचं? त्यासाठी बोलता यावं लागतं. उज्ज्वला एकेक दार ठोठावत होती आणि ऋतुजा रडत रडत तिला सांगत होती की पलीकडे कुणी नाही. मग उज्ज्वलानं शेवटचं काढलं. वायर तर काढलीयस, आता ते कुणाला फाइल पाठवू शकत नाहीत. राहू दे की तसंच. घरातल्या घरात बोलतील. माझ्याशीच बोलतील.

"ते तुला वायर जोडायला सांगतील, आई. गोड बोलून सांगतील. आणि तू जोडशील."

ते खरं होतं.

आणि मग उज्ज्वलाला ते आठवलं. दसऱ्यापासून स्पीकरमधून काही मायेचं आलं, की जयसिंगरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. ती पदरानं पुसायची आणि म्हणायची, असं रडू नये हो, मला कळतंय तुमच्या मनातलं. तिला काय कळत होतं? खाटेवर एक माणूस आतल्या आत ओरडत होता, पंख्यात कुंकू गेलंय, कुणीतरी आत शिरलंय, मंगलला फोन लावू नको. तो प्रत्येक वेळी जीव एकवटून ठिपका द्यायचा, आणि त्याच ठिपक्यावर तो घुसखोर त्याच्या बायकोला साडीचं कौतुक सांगायचा, त्याच्याच आवाजात, त्याच्या देखत. आणि ती लाजायची. 

ती उठली आणि पुढच्या खोलीत गेली. नवऱ्याच्या चेहऱ्यासमोर वाकून उभी राहिली. पट्टी लागण्याआधी दवाखान्यानं एक रीत शिकवली होती. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. आवाज आल्यावर ती कुणी वापरलीच नव्हती, आणि आता पापण्याही जड होत चालल्या होत्या.

"अहो, ऐकताय न्हवं?" ती म्हणाली. "हे सगळं पुसून टाकू का?"

"नको, उज्ज्वला," स्पीकर म्हणाला. आवाजात थकवा होता, माया होती, सगळं होतं. "मला मुकं करू नकोस. तुझ्याशी बोलायचंय म्हणून तर जगतोय."

जयसिंगरावांची पापणी सावकाश खाली आली, आणि वर गेली. आणखी हलली नाही.

ती थकव्यानंही मिटली असेल. उज्ज्वलानं तसं स्वतःला सांगून पाहिलं. तिनं पुन्हा विचारलं, आणि स्पीकर पुन्हा बोलू लागला, ऋतूचं ऐकू नकोस, ती दमलीय, तिला काही कळत नाही, माझ्याकडे बघ. ती बघत होती. पापणी खाली आली आणि या वेळी मिटलेलीच राहिली. मिटल्या डोळ्यांभोवतीची कातडी थरथरत होती. सगळ्या अंगात जेवढं बळ उरलं होतं तेवढं त्या माणसानं तिथं लावलं होतं.

एका बाजूला आवाज होता आणि दुसऱ्या बाजूला पापणी. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या आवाजाच्या हाकेला ओ देत आली होती. तिनं नवऱ्याच्या गळ्यावरची पट्टी हलक्या हातानं सोडवली. स्पीकर तरीही बोलतच राहिला, उज्ज्वला, राणी, थांब. आता त्याला ठिपकेही लागत नव्हते.

ऋतुजानं सगळं तयार करून ठेवलं होतं, एक बटण दाबायचं बाकी होतं. ती पुढे झाली तेव्हा उज्ज्वलानं तिचा हात बाजूला केला. बापाचा आवाज लेकीच्या हातून जायला नको, एवढंच तिला त्या क्षणी वाटलं. तिनं बटण दाबलं. स्पीकर एका शब्दाच्या मध्यावर थांबला. मग डिस्कही तशीच पुसली.

घर इतकं शांत झालं की बाहेरून जाणाऱ्या भाजीवाल्याची हाक आत येऊन फिरून गेली. ऋतुजा टेबलाखाली बसून पत्रा उघडू लागली. पंख्याच्या पात्यांवर लाल थर बसला होता. तिनं कपाटातून बाबांचा मऊ ब्रश काढला आणि रडत रडत ती एकेक पातं साफ करू लागली. आता त्या यंत्राचा कुणालाच काही उपयोग नव्हता, तरी ती करत राहिली.

उज्ज्वलानं माळ्यावरून अक्षरांची पाटी काढली. आरपार दिसणारं प्लास्टिक, त्यावर ओळीनं मुळाक्षरं आणि बाराखडीच्या खुणा. पाटी दोघांच्या चेहऱ्यांमध्ये धरायची, त्यांची नजर जिथं ठरेल ते अक्षर मोठ्यानं म्हणायचं, बरोबर असेल तर ते पापणी मिटतील. डोळे लवकर थकतात, तेव्हा दोन अक्षरं मिळाली की पुढचा शब्द आपण ओळखावा, असं दवाखान्यातल्या बाईंनी बजावलं होतं.

पण पाटी वर धरायच्या आधी तिला एक विचारायचं होतं. विचारू नये असंही वाटत होतं. उत्तर तिला माहीत होतं, आणि तरीही एखादं तरी वाक्य, निदान हिरव्या साडीचं तरी, त्यांचं असेल अशी आशा जीव धरून बसला होता.

"माझ्याशी तो जे गोड बोलत होता," ती म्हणाली, "त्यातलं तुमचं काही होतं का?"

पापणी मिटली. उघडली. उज्ज्वला वाट बघत राहिली. जयसिंग मिस्त्रींनी आयुष्यात कधी बायकोच्या समाधानासाठी खोटं सांगितलं नव्हतं. पापणी पुन्हा मिटली.

नाही.

तिनं मान हलवली. बरं, म्हणाली. केसांतला गजरा काढून खिडकीत ठेवला. ते मात्र तिच्याकडे बघतच होते, आणि मग त्यांची नजर तिच्या हातातल्या पाटीवर गेली आणि तिथंच थांबली. तिनं पाटी वर धरली.

पहिलं अक्षर लागायला फार वेळ गेला. आ. मग त, त्याला काना. आता. पापण्यांत पाणी जमून अक्षरं त्यांना पुसट दिसत असावीत, तिनं पदराच्या टोकानं डोळे टिपले आणि पाटी पुन्हा वर धरली. म. त्याला जोडून ह. मग ण. मग त, त्यावर खूण ओ ची.

आता म्हणतो.

ऋतुजाचा ब्रश थांबला होता. उज्ज्वलाचे दंड भरून आले होते, पण पाटी तिनं खाली घेतली नाही. त्यांची नजर वरच्या ओळीवरून सरकत सरकत एका अक्षरावर आली, त, मग उकाराच्या खुणेवर. तु. तिनं ते मोठ्यानं म्हटलं आणि पापणी मिटली, हो म्हणून. मग ती उघडलीच नाही. अर्ध्यावर येऊन थरथरायची आणि पुन्हा खाली जायची. पुढचं अक्षर पापणीच्या आड राहिलं होतं.

एक अक्षर होतं. त्यावरून शब्द ओळखता आला असता, शब्दावरून वाक्य जुळवता आलं असतं. तिला हवं ते, हवं तेवढं गोड. ऋतुजा हळूच म्हणाली, आई, ते दमलेत, तू सांग ना काय असेल ते, बरोबर असेल तर हो म्हणतील.

उज्ज्वलानं अंदाज केला नाही. पाटी तशीच दोघांच्या मध्ये धरून, त्या मिटलेल्या पापण्यांकडे बघत ती उभी राहिली.